दहाव्या एकाला डोंगर का ढासळतो?

गेल्या अंकात पानाच्या तळाशी चार ओळींची जागा उरली होती. संपादकांनी 'काहीतरी छोटं द्या' म्हटलं, म्हणून मी एकांचा डोंगर दिला. ज्यांचा तो अंक हुकला त्यांच्यासाठी पुन्हा:

१ × १ = १
११ × ११ = १२१
१११ × १११ = १२३२१
११११ × ११११ = १२३४३२१

असं करत नऊ एकांच्या रांगेला त्याच रांगेने गुणलं की १२३४५६७८९८७६५४३२१. 'चिमा काय कामाची'सारखी दोन्हीकडून सारखीच वाचता येणारी सतरा अंकी संख्या. भूमितीवर मी सात पानं लिहिली तेव्हा दोन पत्रं आली होती. या चार ओळींवर पिशवी भरून आली. म्हणून आजचं सदर एकाच संख्येचं.

प्रश्न : बाई, माझी मुलगी सहावीत आहे. तुमचा डोंगर तिने वहीत पुढे नेला. दहा एकांचा वर्ग तिने हाताने केला आणि उत्तर आलं १२३४५६७९००९८७६५४३२१. मी म्हटलं, तुझा गुणाकार चुकला, मधे १० यायला हवा. मोबाइलवर केलं तर १.२३४५६७९ई१८ असं काहीतरी आलं, त्यावरून निकाल लागेना. ती म्हणते, 'बाबा, डोंगर मोडला.' कोणाचं बरोबर?
— एक वडील, डोंबिवली पूर्व

उत्तर : मुलीचं. तुम्ही तिला आइस्क्रीम देणं लागता.

आधी जुनं पाप कबूल करते. मी नोकरीला लागले त्या वर्षी आठवीच्या वर्गात हाच डोंगर फळ्यावर काढला होता. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, 'बाई, दहा एक घेतले तर?' तास संपायला पाच मिनिटं होती आणि उत्तर मला येत नव्हतं. मी म्हटलं, 'तिथपर्यंत जायची गरज नाही, परीक्षेला येत नाही.' तो बिचारा बसला. तुमच्या मुलीला देते आहे ते उत्तर खरं तर त्याचं आहे.

चौकटीची वही घ्या. प्रत्येक चौकटीत एकच अंक, ही शिस्त पाळायची. नऊ एकांचा गुणाकार उभा मांडला की खाली नऊ ओळी येतात. प्रत्येक ओळ म्हणजे तेच नऊ एक, फक्त दर वेळी एक घर डावीकडे सरकलेले. जिन्याच्या पायऱ्यांसारखं दिसतं. आता उभी बेरीज करा. एककाच्या घरात एकच १. दशकाच्या घरात दोन, शतकाच्या घरात तीन. नवव्या घरात नऊच्या नऊ ओळी एकमेकींखाली येतात, म्हणून ९. तिथून पुढे वरून एकेक ओळ संपत जाते : आठ, सात, सहा, शेवटी एक. उत्तरातले अंक म्हणजे त्या घरात किती ओळी आल्या त्याची मोजणी, बाकी काही नाही.

दहा एक घेतले की दहाव्या घरात दहा ओळी येतात. चौकटीत तर एकच अंक मावतो. ० मांडला, हातचा १. अकराव्या घरात नऊ आणि हातचा एक, परत दहा. ० मांडला, हातचा १. बाराव्या घरात आठ आणि हातचा एक, झाले नऊ. इथे हातचा संपला. तेराव्यात सात, मग सहा, पाच, चार, तीन, दोन, एक. म्हणून उजवा उतार ९८७६५४३२१ शाबूत आहे, शिखराच्या जागी दोन शून्यं आहेत आणि डाव्या चढावर ७ नंतर एकदम ९ आहे. आठ कुठे गेला नाही, हातच्याने त्याचा नऊ केला. नऊचा शून्य केला.

(आपण दहाच्या पटीत मोजतो म्हणून हे नऊला थांबतं. हाताला सहा-सहा बोटं असती आणि बाराच्या पटीत मोजलं असतं, तर डोंगर अकरा एकांपर्यंत टिकला असता.)

इतकं तर पुष्कळ पुस्तकांत असतं आणि तिथेच थांबतं. मला त्याच्या पुढचं सांगायचंय, कारण तुमच्या मुलीच्या 'मोडला' या शब्दाशी मी सहमत नाही.

तिला म्हणावं, प्रत्येक उत्तर तोड. जितके एक घेतले तितके अंक उजवीकडून मोजून घे, उरलेले डावीकडे ठेव आणि दोन्ही तुकड्यांची बेरीज कर. दोन एकांचं १२१ : डावीकडे १, उजवीकडे २१, बेरीज २२. तीन एकांचं १२३२१ : १२ आणि ३२१, बेरीज ३३३. चारांचं : १२३ आणि ४३२१, बेरीज ४४४४. पाचांचं : १२३४ आणि ५४३२१, बेरीज ५५५५५. आपल्या सतरा अंकीचं : १२३४५६७८ आणि ९८७६५४३२१, बेरीज नऊ वेळा ९.

आता तिने काढलेलं 'मोडकं' उत्तर घ्या. उजवीकडचे दहा अंक ०९८७६५४३२१, डावीकडचे १२३४५६७९०. यांची बेरीज करा. मी मुद्दाम उत्तर पुढच्या ओळीत लिहिते.

११११११११११. दहा वेळा १.

म्हणजे जिथून निघालो तिथेच परत. अकरा एक घेतले तर वर्ग १२३४५६७९०१२०९८७६५४३२१. डावीकडे १२३४५६७९०१, उजवीकडे २०९८७६५४३२१. बेरीज अकरा वेळा २. बारा एकांना बारा वेळा ३. वरून डोंगर ढासळल्यासारखा दिसतो, पण आतली वीण जशीच्या तशी आहे. नऊ झाले की ती परत एकावर येते, एवढंच.

कारण सांगते, फार नाही. एक लाख म्हणजे ९९९९९ आणि वर १. त्यामुळे १२३४५४३२१ मधले १२३४ लाख म्हणजे १२३४ वेळा ९९९९९, आणि वर सुटे १२३४. ते ९९९९९ चे गठ्ठे टाकून द्या. सुटे १२३४ आणि ५४३२१ मिळून ५५५५५ उरतात. तुकडे करून बेरीज करणं म्हणजे पाच नवांनी भागून बाकी काढणं. आता हेच दुसऱ्या बाजूने पाहा. आपले पाच एक, म्हणजे १११११, नऊ वेळा घेतले की ९९९९९ होतात. पाच एकांना पाच एकांनी गुणताना गुणकातून नऊ-नऊ काढत गेलं की मागे राहते गुणकाची नऊने भागून येणारी बाकी. ती तर चौथीपासून येते : अंकांची बेरीज करा. पाच एकांची बेरीज ५, म्हणून पाच वेळा ५. दहा एकांची बेरीज १०, म्हणजे परत १, म्हणून दहा वेळा १. नऊ एकांना बाकी शून्य येते, तिथे पूर्ण नवांचा एक गठ्ठा हातात राहतो. तोच आपला नऊ वेळा ९.

प्रश्न : ज्या संख्येचा वर्ग तोडून बेरीज केल्यावर ती संख्या परत मिळते तिला कापरेकर संख्या म्हणतात असं वाचलं. तुमच्या डोंगराशी कापरेकरांचा संबंध आहे का? आणि आमच्या एका मित्राचा दावा आहे की डोंबिवलीच्या नावाने गणितात एक संख्या आहे. आम्ही पैज लावली आहे.
— लोकलचा एक ग्रुप, सकाळची फास्ट

उत्तर : मित्राला पैसे द्या.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५, डहाणूचे. शाळा ठाण्याला, कॉलेज पुण्याला फर्ग्युसनमध्ये. १९३० ते १९६२ ते देवळालीला शाळेत शिकवत होते. ६१७४ मुळे (सगळे अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घ्या, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत राहा, शेवटी हीच येते) त्यांचं नाव जगभर झालं, तेही १९७५ साली गणिताच्या कोड्यांवर लिहिणारे मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या मासिकात त्यांच्यावर लिहिल्यानंतर. आपल्याकडे तोवर 'आकड्यांशी खेळणारे मास्तर' म्हणून बाजूला ठेवलेले. माझ्या मते हा आपल्या विद्वानांचा कोतेपणा होता, आणि थोडा अजूनही आहे.

हाच डोंगर कापरेकरांनी बारकाईने पाहिला होता. त्यांनी तो वेगळ्या जागी तोडला : शिखर मधे उभं ठेवून. १२३४५६७८, मग ९, मग ८७६५४३२१. दोन बाजूंची बेरीज ९९९९९९९९, मधल्या अंकाचीच रांग. १२३२१ मध्ये १२ आणि २१ मिळून ३३, मधे ३. अशा संख्यांना त्यांनी नाव दिलं 'डेम्लो संख्या'. डेम्लो हे तेव्हाच्या जीआयपी (आजच्या मध्य) रेल्वेवरचं, मुंबईपासून ३० मैलांवरचं स्टेशन, आणि या संख्यांची कल्पना तिथे सुचली म्हणून ते नाव. तेच आजचं डोंबिवली. सीएसएमटीपासून डोंबिवली साधारण ४८ किलोमीटर, म्हणजे जवळजवळ ३० मैल. आज त्या प्लॅटफॉर्मवर सकाळी आठला कोणाला काही सुचत असेल तर चढायला जागा कुठून मिळेल, एवढंच.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र मजेदार आहे. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५. २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ + २०९ = २९७. या कापरेकर संख्या. नऊ एकांची रांग कापरेकर संख्या नाही, बेरीज नऊपट होते. पण वरच्या पत्रातल्या मुलीने वर्ग केला ती दहा एकांची रांग? तिची बेरीज तिलाच परत मिळाली. ११११११११११ ही कापरेकर संख्या आहे. डेम्लोचा डोंगर ज्या पायरीवर दिसेनासा होतो, नेमकी तीच पायरी कापरेकर संख्या निघते. डोंबिवली पूर्वेच्या त्या घरात हे पान दाखवायला हरकत नाही.

प्रश्न : मी कॉम्प्युटरवरच्या स्प्रेडशीटमध्ये नऊ एकांना नऊ एकांनी गुणलं. उत्तर १२३४५६७८९८७६५४३०० आलं. मुलाने प्रोग्राम लिहून काढलं तर शेवटी ३२० आलं. तुम्ही ३२१ छापलंय. छपाईची चूक?
— निवृत्त लेखापाल, सांगली

उत्तर : छपाईच्या चुका आमच्याकडे होतात, ही नव्हे.

एककाच्या घरात १ × १ होतो, त्यामुळे उत्तराच्या शेवटी १ शिवाय दुसरं काही येऊच शकत नाही. तुम्ही जन्मभर खतावण्या तपासल्यात, तुम्हाला दुसरी तपासणीही आवडेल. नऊ एकांच्या रांगेला ९ ने भाग जातो, तेव्हा वर्गालाही जायला हवा. ३२१ वाल्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१. ३२० वालीची ८०, ३०० वालीची ७८. दोन्ही नापास.

मशीन खोटं बोलत नाही, त्याची वही अरुंद आहे. स्प्रेडशीट पंधरा अंक धरून ठेवते आणि पुढे शून्यं भरते. मुलाच्या प्रोग्राममध्ये संख्या ५३ बिटांत साठवली गेली असणार. २ चा ५३ वा घात म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२. तिथपर्यंतची प्रत्येक पूर्णांक संख्या त्यात अचूक बसते. त्याच्या पुढे, दुप्पट होईपर्यंत, फक्त सम संख्या बसतात. आपली संख्या त्या पट्ट्यात आहे आणि विषम आहे, म्हणून तिला जागाच नाही. शेजारच्या ३२० वर बसवली. मुलाला म्हणावं, पूर्णांकांसाठी वेगळी सोय असते, ती वापर.

हे हसण्यावारी नेऊ नका. आमच्या सोसायटीत एकदा अनामत परत द्यायची होती. सगळ्यांचे खाते क्रमांक एका उत्साही सभासदाने शीटमध्ये भरले. एका बँकेचे क्रमांक सोळा अंकी. यादी माझ्याकडे 'बाई, एकदा नजर टाका' म्हणून आली. त्या बँकेची सात खाती, सातही क्रमांकांच्या शेवटी शून्य. सात जणांना सात शून्यं, एवढा योगायोग मला मानवेना. पासबुकं मागवली तर सहा चुकीचे निघाले. सातव्याच्या क्रमांकात खरंच शून्य होता. क्रमांकाच्या आधी एकेरी अवतरणचिन्ह (') द्या, म्हणजे तो संख्या न राहता अक्षरं म्हणून साठवला जातो आणि शेपूट तुटत नाही.

प्रश्न : ही संख्या मोठ्याने वाचायची कशी? नातवासमोर अडखळलो.
— आजोबा, जळगाव

उत्तर : आजोबा, तुम्ही लहानपणी म्हटलंय ते. एकं, दहं, शतं, सहस्र, दशसहस्र, लक्ष, दशलक्ष, कोटी, दशकोटी, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. अठरा घरं. आपली संख्या सतरा घरांची, म्हणजे परार्ध रिकामं, सुरुवात मध्यापासून :

एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ दशकोटी, आठ कोटी, सात दशलक्ष, सहा लक्ष, पाच दशसहस्र, चार सहस्र, तीन शतं, दोन दहं, एक.

नातवाला घेऊन एका दमात म्हणून पाहा. शिखर दशकोटीवर येतं आणि आवाज आपोआप तिथे चढतो. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये 'लीलावती'त हीच अठरा घरं दिली आहेत. त्यांच्याकडे दशसहस्राला अयुत, दशलक्षाला प्रयुत आणि दशकोटीला अर्बुद म्हटलंय. एक सावधगिरी : हिंदी बातम्यांतला खरब आणि आपला खर्व एक नव्हेत. आपला खर्व दहा अब्जांचा, त्यांचा खरब शंभर अब्जांचा. यावरून घरात वाद झाला तर दोघेही बरोबर असू शकतात.

व्यवहारात स्वल्पविराम देऊन लिहायची तर १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१. तीच संख्या, पण डोंगर दिसेनासा होतो.

प्रश्न : ही संख्या मूळ आहे का? (पोस्टकार्ड, सही नाही)

उत्तर : वर्ग कधी मूळ नसतो. हिचे मूळ अवयव तीनच : ३, ३७ आणि ३३३६६७. तीन चार वेळा, बाकी दोघे दोन-दोन वेळा. एकूण विभाजक ४५. अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने तिला पूर्ण भाग जातो. अशा संख्यांना हर्षद म्हणतात, हेही नाव कापरेकरांनीच ठेवलेलं. भागाकार १५२४१५७८९९७१०४१ येतो, आणि तो १२३४५६७९ चा वर्ग आहे. या १२३४५६७९ मध्येही आठ नाही. वरचं हातच्याचं प्रकरण वाचलं असेल तर संशयित तुमच्या लक्षात आला असेल.

जागा परत उरली आहे, तेव्हा घरचा अभ्यास. दहा एकांनंतर एकांची पुढची कोणती रांग कापरेकर संख्या आहे? मी सांगते : एकोणीस एकांची. तुम्ही तिचा वर्ग हाताने करून, तोडून, बेरीज करून पाठवा. उत्तराला ३७ चौकटी लागतील, वही आडवी धरा. आणि सहावीतल्या मुलीच्या बाबांनी यात पडू नये.